रेग्लिस गाभण आहे

शार्लव्हा, क्वेबेक
रविवार, ५ मार्च २०२३

प्रिय ओदिल,

भाऊ असून चार वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागतो. कारण सांगत नाही. कारण शोधायला बसलं की मला नेमकं सोयीचं तेच सुचतं, हे आता मला स्वतःबद्दल कळलं आहे.

पत्ता इर्मामावशीकडून घेतला. ती म्हणाली, "देते. पण तिला शहाणपण शिकवायला लिहिणार असशील तर तो कागद आधीच चुलीत घाल." तू अल्बर्टात घोड्यांना नाल मारतेस आणि तुझ्या हाताखाली दोघं काम करतात, हेही तिनंच सांगितलं. सांगताना जणू तिनंच तुला ऐरण घेऊन दिली होती!

फोन करणार होतो. पण बोलताना मी स्वतःला वाचवत जातो. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

बातमी अशी की रेग्लिस गाभण आहे. उद्या नऊ महिने पुरे होतील. तू गेलीस त्यानंतरचे दोन उन्हाळे ती गाभण राहिली नाही. माजावर यायची, घोडा दाखवायचो, सोळाव्या दिवशी डॉ. पेलरँ सोनोग्राफीचं यंत्र लावायच्या आणि मान हलवायच्या. पापांनी तर आशाच सोडली होती. अठरा वर्षांची घोडी, तिच्या आईच्या वंशातली ही शेवटची. मग गेल्या जूनमध्ये नदीपलीकडचा घोडा आणला, अगदी शेवटचा म्हणून. सोळाव्या दिवशी पडद्यावर द्राक्षाएवढा काळा गोल दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा बघा, आला." मी तीनदा बघितलं. नंतर त्यांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. चाळीस दिवस जाऊ देत म्हटलं, मग नव्वद जाऊ देत म्हटलं, मग हिवाळा आला.

काल पापा बादली घेऊन तबेल्यात आले. त्यांची जुनी रीत तुला आठवत असेल : सकाळी घोडीला गार पाणी पाजायचं आणि पोटाशी हात धरून थांबायचं. शिंगरू गारठ्यानं हलतं. मी म्हटलं, "पापा, मागच्या आठवड्यातच डॉक्टरांनी ठोके ऐकलेत."

"तू ऐक ठोके, प्रोफेसर. मला लाथ हवी."

मिळाली त्यांना. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण चेहरा असा उजळला की मी नजर दुसरीकडे वळवली. मग बराच वेळ ते तिच्या कुशीवर हात ठेवून उभे राहिले. जायला वळले तेव्हा म्हणाले, "घोडीनं पोरीला माफ केलं. मग मी कोण लागून गेलोय? लिही तिला. म्हणावं, म्हातारा झालं गेलं विसरला. शिंगरू व्हायच्या आत ये म्हणावं."

निरोप जसाच्या तसा दिला आहे. मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायला हवी. तू असावीस असं मलाही फार वाटतं.

तुझा
गाएतां


मंगळवार, २१ मार्च

प्रिय ओदिल,

उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही.

मेपलचा रस सुरू झाला आहे. दिवसा बर्फ वितळतं, संध्याकाळी पुन्हा काचेसारखं होतं. पापा झोपडीत कढईशी बसून असतात आणि पाक चाखायच्या निमित्तानं जेवणाची भूक घालवतात. रस ओढायला या वर्षी ट्रॅक्टर आहे. रेग्लिसला जुंपायचा तर प्रश्नच नाही. ती कुंपणाशी उभी राहून ट्रॅक्टरकडे बघते आणि नाक फुरफुरवते. तिचं काम दुसऱ्यानं वाईट केलेलं तिला बघवत नाही.

तिच्याबद्दल लिहितो, कारण ते तुला हवं असेल. पोट खाली उतरलं आहे, पण कास अजून भरलेली नाही. कुशीत हाडं थोडी दिसतात. डॉक्टर म्हणाल्या, या वयात चालायचंच, ओट वाढवा. सकाळ-संध्याकाळ तिला नदीच्या बाजूच्या वाटेनं पाऊण मैल चालवून आणतो. चालताना ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवते. पूर्वी हे फक्त तुझ्याशी करायची. मला बरं वाटतं, आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटतं.

मागच्या पत्रातलं एक वाक्य तेव्हापासून मला झोपू देत नाही : 'मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही.' निरोपापुरतं ते खरं आहे. पण पापांनी माफ केल्याचा निरोप मी तुला पोचवला, तो पोचवताना लाज वाटली नाही, उलट आपण दोघांमध्ये समेट घडवतो आहोत असं वाटून छाती जरा फुगली. पत्र टाकून परत येताना मी शीळ घालत होतो. शीळ घालतो आहे हे माझ्या लक्षात आलं ते चर्चच्या पायऱ्यांपाशी.

रेग्लिसचा गाभ पडला तेव्हा त्याच पायऱ्यांवर पापा तुला सगळ्या गावासमोर बोलले होते. "फळलेल्या घोडीला चाळीस दिवस जुंपायचं नाही, हे माझ्या आजोबांपासून चालत आलंय. तुला एक बॅरल रस घोडीपेक्षा जास्त झाला." तू माझ्याकडे बघितलंस. मी टोपी झटकत होतो. टोपीवर काही नव्हतं.

तू ये. पण माफी घ्यायला येऊ नकोस. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज नाही लिहवत. लिहवत नाही म्हणजे भीती वाटते.

गाएतां


शनिवार, ८ एप्रिल

ओदिल,

आज ईस्टरचा आदला दिवस. तोही असाच दिवस होता. आता लिहितो.

त्या वर्षी आपण दोन्ही घोड्या एकाच आठवड्यात दाखवल्या होत्या, रेग्लिस आणि तेम्पेत. गुरुवारी डॉ. पेलरँ आल्या. रेग्लिस राहिली होती, तेम्पेत रिकामी होती. घोडेवाला पुढच्या आठवड्यात परत यायचा होता, म्हणून तेम्पेतला पुन्हा माजावर आणायचं इंजेक्शन त्या माझ्याजवळ ठेवून गेल्या. शनिवारी द्या म्हणाल्या. हे सगळं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

शनिवारी तू रेग्लिसला जुंपून शेवटचा रस आणलास. डॉक्टरांना तू विचारलं होतंस, त्या हो म्हणाल्या होत्या. हलकं काम, सपाट वाट. पापा नको म्हणत होते. येताना गारांचा पाऊस लागला. तू तिला पुसलंस, घोंगडी घातलीस आणि दाराजवळच्या तिच्या वाऱ्याच्या ठाणावर न बांधता आतल्या कोपऱ्यात, तेम्पेतच्या ठाणावर बांधलंस. तेम्पेत मागच्या कुरणात होती. एवढं साधं. घोडीला ऊब मिळावी म्हणून कुणीही केलं असतं.

मी तीन वाजता सिरिंज घेऊन आत गेलो. ठाणाच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं होतं : तेम्पेत. त्या ठाणावर एक काळी घोडी होती, घोंगडीत. दोघी एकाच घोड्याच्या मुली, अंगावर पांढरा केस नाही. कपाळावरचा झुपका बाजूला केला असता तर दिसलं असतं. रेग्लिसला दोन भोवरे आहेत, तेम्पेतला एकच होता. सहा वर्षांची असताना तू डोळे मिटून बोटांनी घोड्या ओळखायचीस. मी सव्वीस वर्षं शिकलो आणि शिकवलं आणि पाटी वाचली. घोडी बघितली नाही.

इंजेक्शन मी रेग्लिसला दिलं.

तुझ्या एका बॅरलनं काही झालं नव्हतं. गाभ मी पाडला.

हे वाक्य मी चार वर्षांत डायरीतही लिहिलं नाही. त्या दिवशीच्या पानावर हवामान आहे, रसाची मापं आहेत, ईस्टरच्या हॅमचं वजनसुद्धा आहे.

आणखी एक आहे. तू गेलीस त्या हिवाळ्यात पापांनी तबेला, जमीन आणि घोड्या माझ्या नावावर केल्या. "पोरीला घोडी सांभाळता आली नाही, तिला जमीन काय देऊ," असं वकिलासमोर म्हणाले. मी सही केली. शाई वाळेपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. मला तू जायला हवी होतीस का? हे मी स्वतःला नेमानं विचारतो. नाही, असं उत्तर येतं. पण नाही म्हणायला जरा वेळ लागतो, आणि तो वेळ मला आवडत नाही.

रेग्लिस बरी आहे. कास धरायला लागली आहे.

गाएतां


गुरुवार, २० एप्रिल

ओदिल,

मागचं पत्र टाकल्यावर हलकं वाटलं. दोन दिवस छान झोपलो. तिसऱ्या दिवशी कळलं की हलकं वाटलं, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. चूक सांगितली. चूक कुणाच्याही हातून होते. ते वाचून तू कदाचित म्हणालीही असशील, बिचारा, पाटीनं फसवलं. म्हणून उरलेलं.

मला ती चूक अर्ध्या तासात कळली.

साडेतीनला खिडकीतून बघितलं तर तेम्पेत मागच्या कुरणात बर्फ उकरत होती. अंगावर घोंगडी नाही, मजेत. मी धावत तबेल्यात आलो. रेग्लिसला मानेपासून मांड्यांपर्यंत घाम फुटला होता, ती पुढच्या खुरानं जमीन खरवडत होती. त्या औषधानं असं होतं. तू तिच्या डोक्याशी होतीस. तू मला विचारलंस, "गाएतां, मी तिला फार पळवलं का रे?"

मी म्हणालो, "गाडी ओढली ना. येणारच घाम."

एवढंच बोललो, पाच शब्द. मोजले आहेत.

आता त्याहून वाईट. सिरिंज देताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं : चुकून गाभण घोडीला गेलं तर त्याच मिनिटाला फोन करा, सण असो काही असो. गाभ टिकवायचं दुसरं औषध असतं. लगेच सुरू केलं तर काही वेळा वाचतो. त्यांचा नंबर तबेल्याच्या दारावर खडूनं लिहिलेला होता. घरात येऊन मी फोन हातात घेतला. पापा ओट्याशी हॅम कापत होते. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. आणि त्यांचा चेहरा मला आधीच दिसला. चिडलेला नाही, खूश झालेला. 'बघा! प्रोफेसरांना घोडी ओळखू येईना!' कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून मी घरी आलो त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पहिल्या दिवसापासून ते या क्षणाची वाट बघत होते असं मला वाटायचं. खरंच बघत होते की मलाच वाटायचं, कोण जाणे.

पापांनी विचारलं, "कुणाला लावतोस?"

"कुणाला नाही," म्हणालो.

काही वेळा वाचतो. नेहमी नाही. त्या वेळी वाचला असता की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि यात माझी एक पळवाट आहे. ती मी चार वर्षं वापरली. आता तुला दाखवून ठेवतो, म्हणजे पुन्हा वापरता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्रावर काही दिसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, काही झालं होतं का? तूच सांगितलंस, "मी तिला जुंपलं होतं." त्या म्हणाल्या, त्यानं सहसा होत नाही. पापा म्हणाले, "सहसा!" मी उभा होतो.

याच्यावर तू काही लिहावंस अशी अपेक्षा नाही. अपेक्षा नाही हेही खरं नाही. रोज टपालपेटी उघडतो. पण हक्क नाही हे समजतं.

पापांना अजून काही माहीत नाही. ते रोज विचारतात, "पोरीचं काही आलं?" आणि वरच्या खोलीतली तुझी जुनी लोखंडी खाट त्यांनी स्वतः खाली आणून उन्हात घासली. म्हणाले, "गंजली होती, म्हणून. कुणी येणारंय म्हणून नाही."

गाएतां


शनिवार, १३ मे

प्रिय ओदिल,

शिंगरू झालं. गुरुवारी. दोघंही ठणठणीत आहेत. हे आधी, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील.

घोड्या माणसं झोपली की वितात. म्हणून गेले दहा दिवस मी रात्री तबेल्यात बसायचो आणि दिवसा डुलक्या घ्यायचो. मंगळवारी सडांच्या टोकांवर चिकाचे मेणासारखे मणी आले. बुधवारी रात्री ती शांतपणे गवत चघळत बसली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मलाच काहीतरी व्हायचं आहे. गुरुवारी सकाळी पापा म्हणाले, "जा, सूप पी. तू बसलायस म्हणून ती थांबलीय. लाजाळू आहे."

वाटाण्याचं सूप अर्धं झालं होतं. दुपारचे सव्वाबारा. पापांची हाक आली, "प्रोफेसर! तुझ्या पुस्तकात दुपारचं पान आहे का?"

ती आडवी झाली होती. मी शेपटी बाजूला केली. पांढरं दिसायला हवं होतं. लाल दिसलं. जाड, मखमलीसारखं लाल. वार आधीच सुटली होती, आतल्या जिवाला हवा मिळत नव्हती.

पापांनीही बघितलं. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "डॉक्टरला फोन कर. गाएतां, फोन कर."

"तुम्ही करा. माझे हात इथं हवेत."

पट्ट्या कापायची कात्री खिशात होती. लाल पडदा कापला, आतली पांढरी पिशवी फाडली, हात घातला. एक खूर, दुसरा खूर, त्यावर नाक. सगळं जागच्या जागी होतं. मी बोलत होतो म्हणे, पापा सांगतात. मला आठवत नाही. "तू 'चल ग बाई, चल ग बाई' करत होतास," म्हणाले. तिनं जोर दिला की ओढायचो, ती थांबली की थांबायचो. पापा एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि डॉक्टरीणबाईंवर ओरडत होते, "ऐकू येतंय, ऐकू येतंय, तो ओढतोय, तुम्ही गाडी काढा!"

बाहेर आलं तेव्हा त्याच्यात काही नव्हतं. ओलं पोतं. जीभ निळसर. नाक पुसलं, गवताच्या काडीनं नाकपुडीत डिवचलं, पेंढ्यानं बरगड्या घासल्या. किती वेळ, माहीत नाही. पापा म्हणतात एक मिनिट. मग ते शिंकलं, ओदिल. एवढीशी, रागावल्यासारखी शिंक. रेग्लिसनं मान वळवली आणि घशातल्या घशात ती हाक दिली, जी घोड्या फक्त त्याच वेळी देतात. ते ऐकून पापा पेंढ्यात बसल्या बसल्या रडले आणि "धूळ फार झालीय या तबेल्यात, झाडत नाहीस का रे?" असं मला म्हणाले.

नर आहे. म्हणजे तिच्या आईचा वंश इथंच संपला, वंशावळीच्या वहीच्या हिशेबानं. पापांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय परत आत घालतोस?" पाऊण तासात उभं राहायला लागलं, चारदा पडलं, पाचव्यांदा भिंतीला टेकून राहिलं. दीड तासात चीक प्यायलं. वार पूर्ण पडली, मी ती अंगणात पसरून दोनदा तपासली. डॉक्टर आल्या, ऐकलं, बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "दोन मिनिटं उशीर झाला असता तर." मला कौतुक नको होतं. ते वाक्य मी दिवसभर मनात फिरवलं. उशीर झाला असता तर काय होतं, ते मला माहीत आहे.

पापा शेजाऱ्यांना सांगत फिरताहेत, "माझ्या पोरानं कापलं, ओढलं, श्वास घातला. प्रोफेसर आहे म्हटलं!" सेहेचाळीस वर्षं मी हे ऐकायला थांबलो होतो. आता कान बंद करावेसे वाटतात.

तुझं पत्र काल आलं. शिंगरू व्हायच्या आधी टाकलेलं. ते मी आठ-दहा वेळा वाचलं आहे. तुझीच वाक्यं इथं उतरवून ठेवतो, कारण मी ती विसरलो नाही हे तुला दिसायला हवं :

"चारही पत्रं मिळाली. तिसरं वाचून तुझी दया आली. चौथं वाचून तू समोर असतास तर हातोडा फेकून मारला असता. नेम चुकला नसता.

"चार वर्षं मी एकाही गाभण घोडीला हात लावला नाही. लोक विचारायचे, मी सांगायचे वेळ नाही. माझ्या हातानं पडेल असं वाटायचं. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. हे तुला कुठून कळणार.

"काल एकीला चारही नाल मारले. आठ महिन्यांची, भुरी, भयंकर तापट. पहिल्या दोन पायांचा प्रत्येक खिळा दोनदा तपासला, तिसऱ्यापासून नाही. आज सकाळी बघून आले. खात होती. काही झालं नव्हतं तिला.

"मी येईन की नाही ते विचारू नकोस. पापांची माफी मला नको, ती परत पाठवते आहे. ती ज्याची आहे त्याला द्यायला सांग. पत्रातून नाही. त्यांच्यासमोर उभा राहून, तोंडानं."

ते पत्र खिशात ठेवून मी कालपासून पापांच्या मागेपुढे करतो आहे. काल संध्याकाळी ते खाटेची गादी झटकत होते, तेव्हा तोंड उघडलं. ते म्हणाले, "काय रे? भूक लागली?" मी हो म्हणालो. आज सकाळी तबेल्यात दोघंच होतो. शिंगरानं त्यांची बाही तोंडात धरली, ते इतके हसले की मी गप्प राहिलो. आनंदाच्या वेळी नको, असं मनाशी म्हटलं. मग लक्षात आलं, त्या दिवशीही सणाच्या वेळी नको म्हटलं होतं.

आता दुपारी त्यांनी मला विचारलं, "अल्बर्टात आपल्यापेक्षा दोन तास मागे असतं ना?" मी हो म्हणालो. "मग उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर मीच लावतो फोन. शिंगराचं सांगतो, आणि म्हणतो, पोरी, म्हाताऱ्यानं मनात काही ठेवलं नाही, तूही ठेवू नकोस." त्यांनी तुझा नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला, चष्मा न लावता दिसावा म्हणून. आणि आरशासमोर जाऊन घसा खाकरून बघितला.

तो फोन तुला तसा येता कामा नये. तू उचललास आणि ऐकून घेतलंस, तर आणखी एकदा माझ्या जागी तू उभी राहशील, आणि मी पुन्हा शेजारी असेन.

ते जमीन परत मागतील का, मला घराबाहेर काढतील का, की नुसते गप्प बसतील, याचा विचार करत होतो. गप्प बसतील याची सगळ्यात जास्त भीती वाटते. पण हा विचार मी स्वतःचा करतो आहे, हे लिहिता लिहिता दिसलं, म्हणून इथं थांबवतो.

रेग्लिस आता दाराशी उभी आहे, शिंगरू तिच्या पोटाखाली. उन्हात दोघांच्या अंगातून वाफ निघते आहे.

उद्या : मिस्सेला निघण्याआधी, पापा बूट घालायला बसतील तेव्हा, त्यांना सगळं सांगणे.

गाएतां